हबमधले गिअर आणि लाल सिग्नल

आज ऑफिसला जाताना व्हरायटी चौकात ऐनवेळी सिग्नल लाल झाला. हबमधल्या गिअरचं (मागच्या चाकाच्या मधल्या बंद डब्यात बसवलेले गिअर) खरं सुख इथेच कळतं: सायकल उभी असतानाच पाचवरून दोनवर आणता येते. डिरेलरला (चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारे नेहमीचे गिअर) त्यासाठी पॅडल फिरतं लागतं.

रामझुला पुलाच्या चढावर मात्र गिअर बदलताना क्षणभर पायाचा जोर काढायचाच. नाहीतर गिअर अडकतो, मग कटकन बसतो आणि आतले भाग झिजतात.

शिमानो कंपनीच्या नेक्सस ७ किंवा ८ स्पीड हबमध्ये गिअर घसरायला लागला की लगेच खोलू नका, बहुतेकदा केबल सैल झालेली असते. शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) आधी १ वर न्या, मग ४ वर आणा. हबजवळच्या दोन पिवळ्या रेघा समोरासमोर येईपर्यंत बॅरल अॅडजस्टर (केबलचा ताण कमी-जास्त करणारा स्क्रू) फिरवा. पाच मिनिटांचं काम, पण दुकानात चाकच उघडायला घेतात, याचं फार वाईट वाटतं.

पंक्चर झाल्यावर मागचं चाक काढायला १५ मिमीचा पाना सोबत हवाच. आधी केबल सोडवा, मग नट. नॉन-टर्न वॉशर (अॅक्सल, म्हणजे चाकाचा आस, फिरू न देणारे वॉशर) डावे-उजवे वेगळे असतात. अदलाबदल झाली तर अॅक्सल फिरतो आणि सगळी सेटिंग जाते. चाक परत बसवल्यावर चेन मधोमध साधारण १ सेंमी वर-खाली हलली पाहिजे.

आणि पावसाळ्यात चिखल धुताना हबवर प्रेशरचं पाणी मारू देऊ नका, ओलं फडकं पुरतं.