कम्युट म्हणजे मुळात प्रवास नव्हताच

न्यू जर्सीत नवीन आलो तेव्हा ऑफिसात जो भेटेल तो हेच विचारायचा, तुझा कम्युट किती? एडिसन ते न्यूयॉर्क पेन स्टेशन, मग पुढे चालत, घरातून निघून टेबलावर बसेपर्यंत दीड तास तर जातोच. आपल्याकडे याला सरळ अपडाऊन म्हणतात.

पण कम्युट हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो आमच्या कल्याणच्या घरी, बाबा रिटायर होत होते तेव्हा! सरकारी नोकरी, त्यामुळे पेन्शन कम्युट करायची का यावर आईबाबांचं रोज रात्री जेवताना बोलणं चालायचं, म्हणजे दर महिन्याच्या पेन्शनमधला काही भाग सोडायचा आणि त्याबदल्यात एकरकमी पैसे घ्यायचे. मग तोच शब्द ट्रेनच्या धावपळीला कसा काय लागला, हे डोक्यात बरेच दिवस घोळत होतं.

शेवटी शोधलं. मूळ लॅटिन, अर्थ बदलणं, अदलाबदल करणं. फाशीची जन्मठेप होते त्यालाही इंग्रजीत कम्युट करणंच म्हणतात. आणि खरी गंमत पुढे आहे, १८४० च्या दशकात इथल्या अमेरिकन रेल्वे कंपन्यांनी रोज शहरात कामाला जाणाऱ्यांसाठी कम्युटेशन तिकीट काढलं, रोज सुटं तिकीट घेण्याऐवजी पैसे एकदम भरायचे आणि ते स्वस्तात पडायचं. म्हणजे कम्युट व्हायचं ते भाडं, माणूस नाही! असं तिकीट ज्याच्याकडे तो कम्युटर, आणि मग हळूहळू त्याचं रोजचं जाणं-येणं म्हणजेच कम्युट झालं. अहो, हा तर आपला पास!

मला हे इतकं आवडलं की त्याच रात्री बाबांना फोन केला. त्यांचा सेकंड क्लासचा पास डोळ्यासमोर आला, प्लास्टिकच्या कव्हरात, मागे आयकार्ड, कडा झिजून पांढऱ्या झालेल्या, आणि शर्टाच्या खिशाला त्याचा कायमचा चौकोनी ठसा. माझा पास फोनमधे असतो, त्याचा कुठे ठसा उमटत नाही.

बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं, जरा थांबले, म्हणाले, "म्हणजे पासाला आपण एकरकमी द्यायचे आणि पेन्शनला एकरकमी घ्यायचे, हिशोब तोच, फक्त उलटा." आणि मग आईला हाक मारून हेच परत पहिल्यापासून सांगायला लागले.