पाच फूट उंची आणि रेलून चालवायची सायकल

युरोपात राहायला आल्यापासून दुकानांत मी सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न ‘याहून लहान आहे का?’ हाच असावा. माझी उंची 152 सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम पाच फूट आहे. साध्या सायकलीच्या बाबतीत या प्रश्नाला काही ना काही उत्तर मिळत असे, कारण तिची सीट खाली घेता येते. परंतु रोजच्या प्रवासाने मनगटे आणि मान दुखू लागल्यावर मी रिकंबंट सायकल घ्यायचे ठरवले आणि त्या दिवसापासून उंची हा माझ्यापुरता भूमितीचा विषय झाला.

ज्यांनी ही सायकल पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आरामखुर्चीसारख्या सीटवर मागे रेलून बसायचे, पाय समोर पसरून पॅडल मारायचे आणि हातांवर शरीराचा भार मुळीच टाकायचा नाही, अशी तिची रचना असते. पॅडल पायांच्या खाली नसून पुढे असतात. बहुतेक प्रकारांत फ्रेमच्या पुढच्या टोकातून एक नळी बाहेर येते, तिला बूम म्हणतात, आणि क्रँक (म्हणजे ज्या दांड्यांना पॅडल जोडलेले असतात त्या) व पॅडल त्या बूमच्या टोकाला बसवलेले असतात. साध्या सायकलीत पायाच्या लांबीनुसार सीट वरखाली करतात. इथे सीटची उंची बहुधा ठरलेली असते आणि बूम आतबाहेर करावी लागते. आखूड पायांच्या माणसाच्या सगळ्या अडचणींचे मूळ या एका फरकात आहे.

या सायकली इतक्या कमी का दिसतात, आणि दिसल्या तरी त्यांत लहान आकार का नसतो, याला थोडा इतिहास आहे. 1933 च्या जुलैत फ्रान्सिस फोर या फ्रेंच सायकलपटूने शार्ल मोशे यांनी बनवलेल्या रिकंबंट सायकलीवर एका तासात 45.055 किलोमीटर अंतर कापले आणि ऑस्कर एग याचा 1914 पासून टिकून असलेला 44.247 किलोमीटरचा विक्रम मोडला. फोर हा काही त्या काळातल्या पहिल्या रांगेतला स्वार मानला जात नव्हता, त्यामुळे श्रेय माणसाचे की यंत्राचे असा वाद पेटला. 1934 मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने शर्यतीच्या सायकलीची व्याख्याच अशी केली की रिकंबंट तिच्याबाहेर पडली. शर्यतीत स्थान नाही म्हणून मोठे कारखाने नाहीत, कारखाने नाहीत म्हणून विक्री थोडी, आणि विक्री थोडी म्हणून मधल्या उंचीच्या माणसाला धरून एकच फ्रेम बनवायची आणि बाकीच्यांना बूम पुढेमागे करायला सांगायचे, असा मार्ग अनेक उत्पादकांनी पत्करला. माहितीपत्रकावर ‘155 ते 195 सेंटिमीटर उंचीसाठी’ असे लिहिलेले असते, तेव्हा त्यातील खालचा आकडा हा बूम पूर्ण आत गेल्यावर पॅडलपर्यंत पाय पोहोचतो इतकेच सांगत असतो. सिग्नलला थांबल्यावर तोच पाय जमिनीपर्यंत पोहोचेल की नाही, याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही.

माझी पहिली चूक तिथेच झाली. मी चालवून पाहिलेल्या पहिल्या सायकलीची दोन्ही चाके मोठी होती आणि सीट जमिनीपासून 62 सेंटिमीटरवर होती. जांघेपासून तळव्यापर्यंत माझ्या पायाची लांबी 70 सेंटिमीटर आहे. आठ सेंटिमीटर शिल्लक राहतात, असा हिशेब मी मनात मांडला आणि निर्धास्तपणे निघाले. चालवताना काहीच अडचण आली नाही, उलट वाऱ्याविरुद्ध इतक्या सहज जाता येते याचे नवल वाटत राहिले. मग एका चौकात थांबले, उजवा पाय खाली टाकला, बोटांची टोके जमिनीला लागली न लागली तोच सायकल एका बाजूला कलली, आणि मी अत्यंत सावकाश, आजूबाजूच्या सर्वांना नीट पाहता येईल अशा गतीने आडवी झाले. कोपर थोडे खरचटले. त्याहून जास्त काही खरचटले असेल तर ते दिसण्यासारखे नव्हते.

घरी आल्यावर हिशेब पुन्हा मांडला. साध्या सायकलीवर थांबताना आपण सीटवरून पुढे सरकतो आणि फ्रेमच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून चक्क उभे राहतो. रिकंबंटवर उठून उभे राहण्याची सोय नाही. बसल्या जागेवरूनच पाय खाली न्यावा लागतो, आणि मागे रेललेल्या स्थितीत तो सरळ खाली न जाता तिरका पुढे जातो. तळवा जांघेच्या उभ्या रेषेपासून 30 सेंटिमीटर पुढे टेकत असेल, तर 62 सेंटिमीटर उंचीच्या सीटवरून जमिनीपर्यंतचे तिरके अंतर जवळजवळ 69 सेंटिमीटर भरते. पायथागोरस शाळा सुटल्यानंतर मला प्रथमच इतक्या उपयोगी पडला. उरलेला एक सेंटिमीटर सीटच्या रुंदीने खाल्ला, कारण पाय तिच्या कडेला वळसा घालून खाली उतरतो. तोच हिशेब 52 सेंटिमीटरच्या सीटला लावला तर तिरके अंतर 60 सेंटिमीटर येते आणि दहा सेंटिमीटर खरोखर हाताशी राहतात. तेव्हापासून कोणतीही सायकल पाहताना मी प्रथम ती उभी असताना तिच्यावर बसते, पाठ सीटला टेकवते आणि दोन्ही टाचा जमिनीला लागतात का ते बघते. फेरी मारायची की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.

दुसरे माप पॅडलपर्यंतच्या अंतराचे. भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसायचे, पाय सरळ पसरायचे, सायकल चालवताना घालणार तेच बूट पायांत ठेवायचे आणि भिंतीपासून बुटाच्या तळव्यापर्यंत मोजायचे. माझे हे माप 93 सेंटिमीटर आले. काही उत्पादक हे माप मागतात, काही पायाची आतली लांबी विचारतात, तर काही नुसती उंची विचारून मोकळे होतात. दोन सारख्या उंचीच्या माणसांत एकाचे धड लांब आणि दुसऱ्याचे पाय लांब असू शकतात, म्हणून या तिसऱ्या गटाच्या तक्त्यांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

बूम आत घेणे ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात ती आत सरकता सरकता कुठे तरी अडते: कधी तिचे टोक फ्रेमच्या वाकणाला लागते, कधी पुढच्या गिअरची पट्टी आडवी येते. अशा वेळी बूमचा आतला भाग कापून आखूड करावा लागतो, आणि नव्या कोऱ्या सायकलीला करवत लावायला मन घट्ट करावे लागते. त्यात चेनचा प्रश्न वेगळाच. रिकंबंटची चेन साध्या सायकलीच्या अडीच-तीनपट लांब असते आणि ती पुढे जाऊन परत येत असल्यामुळे बूम सहा सेंटिमीटर आत घेतली की बारा सेंटिमीटर चेन जास्तीची होते. कड्यांच्या चार जोड्या काढून टाकल्या तेव्हा कुठे ती नीट ताणून बसली. विक्रेता ‘पाच मिनिटांत तुमच्या मापाची करून देतो’ म्हणाला, तर त्या पाच मिनिटांत चेनचे काम धरले आहे का, एवढे विचारून घ्यावे.

मात्र ज्या एका बदलाने माझ्या बाबतीत सर्वाधिक फरक पडला, तो बूमचा नव्हे तर क्रँकचा. बाजारातील बहुतेक सायकलींना 170 किंवा 175 मिलिमीटर लांबीचे क्रँक असतात. ज्याच्या पायाची आतली लांबी 88 सेंटिमीटर आहे, त्याच्यासाठी 170 मिलिमीटर म्हणजे पायाच्या सुमारे 19 टक्के. माझ्यासाठी ते 24 टक्क्यांहून अधिक होतात. याचा अर्थ पॅडलच्या प्रत्येक फेऱ्यात माझा गुडघा उंच माणसापेक्षा बराच जास्त दुमडतो. रिकंबंटवर पाठ सीटने अडवलेली असल्यामुळे शरीर मागेपुढे करून हा ताण चुकवताही येत नाही. मी 150 मिलिमीटरचे क्रँक बसवले. क्रँक 20 मिलिमीटर आखूड झाले म्हणून पाय पूर्वीइतकाच सरळ होण्यासाठी बूम 20 मिलिमीटर बाहेर न्यावी लागली, आणि या दोन्हींची बेरीज होऊन पॅडल माझ्या सर्वांत जवळ येते त्या ठिकाणी गुडघ्याला चार सेंटिमीटर जास्त जागा मिळाली. शिवाय वळताना टाच पुढच्या चाकाला घासत असे, तेही थांबले, कारण पॅडलचे वर्तुळ चाकापासून तेवढेच दूर गेले. आखूड पायांसाठी बूम आत घेतली की पॅडल चाकाच्या अंगावर येतात, हा दोष विकत घेताना कुणाच्या लक्षात येत नाही. पहिल्या तीव्र वळणावर येतो. आखूड क्रँकचा तोटा एवढाच की तरफ लहान झाल्यामुळे प्रत्येक गिअर थोडा जड लागतो, म्हणून पुढची दातेरी चकती लहान घ्यावी आणि पॅडल भरभर फिरवण्याची सवय करावी.

सीटच्या मापाकडे माझेही आधी दुर्लक्षच झाले होते. फायबरच्या कडक सीट काही उत्पादक लहान, मध्यम व मोठ्या अशा आकारांत देतात. कमरेला आधार देणारा त्यांचा फुगवटा मोठ्या आकारात माझ्या बरगड्यांवर आला आणि मानेचा आधार डोक्याला पुढे ढकलू लागला. जाळीची सीट शरीराप्रमाणे थोडी झोळते, परंतु तिची पुढची दांडी मांडीखाली रुतत असेल तर ती सीट तुमच्यासाठी लांब आहे असे समजावे.

प्रकारांबद्दल फार लिहीत नाही. अगदी बुटक्या शर्यती सायकलींची सीट जमिनीपासून हातभर अंतरावरही नसते, तेव्हा पाय टेकण्याची चिंताच नसते. पण त्यांत पॅडल इतके वर असतात की मला रस्त्याऐवजी माझेच बूट दिसत राहिले. पुढचे चाक पॅडलच्याही पुढे असणाऱ्या लांब सायकलींची सीट आणि पॅडल दोन्ही सोयीच्या उंचीवर असतात, मात्र दोन मीटरांहून लांब असा हा प्रकार लिफ्टमध्ये मावत नाही. तीनचाकी रिकंबंट हा उंचीच्या प्रश्नावरचा सर्वांत सरळ उपाय आहे, कारण थांबताना पाय काढायची गरजच उरत नाही. फक्त तिच्यात पाय पॅडलला क्लिपने किंवा पट्ट्याने बांधून ठेवणे अत्यावश्यक असते; वेगात असताना पाय निसटून जमिनीला टेकला तर सायकल त्याच्यावरून पुढे जाते आणि घोट्याला गंभीर इजा होऊ शकते. मला बऱ्याच जणांनी तीनचाकीच सुचवली. सल्ला चुकीचा नव्हता, पण ज्या तत्परतेने तो दिला गेला ती मला थोडी टोचली. शिवाय माझ्या इमारतीचा दरवाजा अरुंद आहे.

शेवटी मी पुढे आणि मागे दोन्हीकडे 20 इंची चाके असलेली, 52 सेंटिमीटर उंच सीटची सायकल घेतली. ती शिकायला मला तीन आठवडे लागले. निघण्यापूर्वी एक पॅडल वरच्या बाजूला आणून ठेवायचा, गिअर हलका करायचा, नजर दूर ठेवायची आणि पहिला जोर देताच दुसरा पाय विनाविलंब उचलायचा, एवढीच खरी कृती आहे. परंतु घाबरून हँडल आवळले की सायकल नागमोडी जाते, आणि आवळू नये हे हातांना पटायला वेळ लागतो. थांबताना आधी गिअर उतरवायचा, मग पाठ सीटपासून सोडवून पुढे झुकायचे, म्हणजे पाय आणखी चार बोटे खाली पोहोचतो. जमेल तिथे पदपथाच्या कडेला थांबून तिच्यावरच पाय टेकवायचा. मी राहते तिथे वाहतूक उजव्या बाजूने चालते, त्यामुळे कड उजवीकडे येते आणि लहानपणापासून डावा पाय टेकण्याची सवय असलेल्या मला हा एक पाय जणू नव्याने शिकवावा लागला. मागे वळून पाहता येत नाही, म्हणून आरसा लागतोच. आणि आपले डोके मोटारीच्या खिडकीच्या पातळीला असते, म्हणून सीटमागे उंच काठीवर झेंडाही.

चढावर मात्र उंचीचा नाही तरी वजनाचा हिशेब आडवा येतो. माझे वजन 48 किलो आणि सायकल 16 किलोची, म्हणजे माझ्या एक तृतीयांश. 80 किलोच्या माणसासाठी तीच सायकल एक पंचमांश ठरते. पॅडलवर उभे राहून जोर लावण्याची सोय इथे नाही, त्यामुळे मी सर्वांत हलका गिअर टाकते आणि साध्या सायकलवाल्यांना पुढे जाऊ देते. सपाटीवर, समोरून वारा असताना, त्यांची परतफेड होते.

मनगटांचे दुखणे गेले आहे. लांबच्या फेरीत पायाची बोटे बधिर होत असत, तो त्रास बुटाखालची क्लिप टाचेच्या दिशेने सरकवल्यावर बराच कमी झाला. लहान चाकांमुळे खडबडीत रस्त्यावर हादरे जास्त बसतात, हे दुखणे अजून शिल्लक आहे. फ्रेममध्ये मावतील तेवढे रुंद टायर मागवले आहेत आणि ते येईपर्यंत दगडी फरसबंदीचा एक रस्ता टाळून जाते.