जिन्यातल्या हिरव्या लाद्या

पावसाने उघडीप दिली होती म्हणून त्या रविवारी नदीकाठच्या रस्त्याने घरी येत होते. ओढा नदीला मिळतो तिथे राडारोड्याचा ताजा ढीग पडलेला. पुण्यात त्याचं नवल कुणाला वाटत नाही, मलाही वाटलं नसतं. पण ढिगावर हिरव्या ठिपक्यांच्या, काळ्या काठाच्या मोझॅक लाद्या होत्या. मी गाडी थांबवली. त्या लाद्यांवरून तीन आठवडे रोज चढ-उतार केली होती. आमच्या पुनर्विकासाच्या साइटवरच्या जुन्या इमारतीचा जिना होता तो.

मी बिलिंग पाहते. सोमवारी फाइल काढली. चौसष्ट खेपांची चलनं, सगळ्यांवर ड्रायव्हरच्या सह्या. राडारोडा प्रक्रिया केंद्राच्या वजनकाट्याच्या पावत्या एकेचाळीस. बिल पास करताना मी चलनं मोजली होती, पावत्या मोजल्याच नव्हत्या.

इमारत नीट पाडली तर तिच्यातलं बरंच काही परत वापरता येतं, हे मी स्वतः करून पाहिलंय. आधी दारं, खिडक्या, वायरिंग. मग पीओपीचं छत वेगळं उतरवायचं, कारण त्यातला जिप्सम जुनं काँक्रीट चिरडून केलेल्या खडीत मिसळला की त्यातला सल्फेट पुढे नवं काँक्रीट खातो. मग विटांच्या भिंती, आणि शेवटी स्लॅब-कॉलमला पोकलेन. वीट आणि काँक्रीट एकत्र चिरडलं तर वीट पाणी पिते आणि मिक्स बिघडतं. आधीच्या एका साइटवर आम्ही फक्त काँक्रीटची खडी वेगळी करून घेतली, तिला चिकटलेलं जुनं मॉर्टर पाणी ओढतं म्हणून आदल्या दिवशी भिजवली आणि पायाखालच्या एम-१० पीसीसीत, म्हणजे सळया नसलेल्या कमी ताकदीच्या काँक्रीटच्या थरात, वापरली. ताकद तपासायचे अठ्ठावीस दिवसांचे क्यूब, म्हणजे त्याच काँक्रीटचे ठोकळे, पास झाले. खडी-वाळूच्या भारतीय मानकाची, आयएस ३८३ची, २०१६ची आवृत्ती एम-१५ खालच्या लीन काँक्रीटमध्ये अशी शंभर टक्के खडी चालवते. तरी आमचे स्ट्रक्चरल कन्सल्टंट हे ऐकूनही घेत नाहीत. कोड उघडून न पाहता नाही म्हणणं मला पटत नाही.

पाडकामाच्या मुकादमाला बोलावलं. साठीचा माणूस, गेली कित्येक वर्षं हेच काम करतोय. फोटो दाखवला. त्याने नाकारलं नाही.

"मॅडम, केंद्रावर जाऊन यायला अर्धा दिवस मोडतो. डिझेल कोण देणार? स्टील न् खिडक्या विकून आमचं भागतं. राडारोड्याला तुमच्या कामांच्या यादीत, त्या बीओक्यूत, एकच ओळ आहे, साइटबाहेर नेणे. आम्ही नेला."

ती ओळ मी लिहिली होती.

कायदा नाही असं नाही. २०१६च्या नियमांप्रमाणे दिवसाला २० टन किंवा महिन्यात ३०० टनांहून जास्त राडारोडा निघत असेल, तर काँक्रीट, माती, विटा-मॉर्टर आणि स्टील-लाकूड-प्लास्टिक असं वेगळं करावं लागायचं. सोळा फ्लॅटच्या आमच्या इमारतीतून हजार टनांच्या वर निघालं. १ एप्रिल २०२६पासूनच्या नव्या नियमांत बिल्डरवर पुनर्वापराची जबाबदारी आली, ती मात्र २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांना. शहरात पाडल्या जाणाऱ्या बहुतेक सोसायट्या माझ्या साइटएवढ्याच असतात. ब्रोशरवर सोलर पॅनेल छापणारे आर्किटेक्ट पाडकामाच्या दिवशी साइटवर येत नाहीत, आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्या सभासदांना इमारत लवकर उभी राहायला हवी. त्यांची घाई मला समजते.

ढीग आम्ही आमच्या खर्चाने उचलला. जेवढा पाण्यात गेला होता, तेवढा राहिला.

पुढच्या साइटच्या टेंडरमध्ये मी दोन ओळी घातल्या आहेत: जागेवर वेगळं करणं, घनमीटरवर, आणि केंद्रापर्यंत वाहतूक, टनावर, वजनकाट्याची पावती जोडली तरच पैसे. मालकांनी कालच फाइल परत पाठवली. त्या दोन्ही ओळींपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह आहे. दर कमी करू का विचारलंय, की ओळीच काढायला सांगितल्यात, ते उद्या समोर बसून विचारणार आहे. लाद्यांचा फोटो सोबत नेईन.