दगडी गोठ्याच्या दरजांत सिमेंट नको

सिन्नर, निफाड, चांदवडकडच्या मळ्यांत काळ्या दगडाचे जुने गोठे अजून उभे आहेत. दुरुस्ती काढली की लोक आधी सिमेंटने दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरून घेतात. भिंत बिघडते ती तिथूनच, आणि ते बघवत नाही.

या भिंती दुहेरी असतात. आतून-बाहेरून दगड, मधल्या पोकळीत माती आणि चिपा. आपला काळा दगड पाणी फारसं पीत नाही, त्यामुळे आतली ओल निघते ती दरजांतूनच. ती वाट सिमेंटने बुजली की माळवदातून, म्हणजे मातीच्या सपाट छपरातून, झिरपलेलं पाणी मातीत अडकतं. माती फुगते, धुपून खाली बसते आणि भिंतीला पोट सुटतं. पोट सुटलेला भाग उतरवून नव्यानेच रचावा लागतो. रचताना भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड मधूनमधून घालायला विसरू नका.

म्हणून आधी छप्पर आणि पन्हाळी नीट करा, मग दरजा. जुना माल दरजेच्या रुंदीच्या दुप्पट खोल, निदान 1 इंच, छिन्नीने काढा. ग्राइंडर लावू नका, दगडाच्या कडा उडतात. मग दरज धुऊन ओली ठेवा.

दरजा भरायच्या त्या चुन्याने. त्यासाठी चुनकळी, म्हणजे न विझवलेला चुना, पाण्यात थोडी थोडी सोडायची. कळीवर पाणी ओतलं तर चुना उसळून अंगावर येतो. डोळ्यांना चष्मा हवाच. विझलेला चुना गाळून निदान 15 दिवस पाण्याखाली मुरू द्या. प्रमाण 1 भाग चुना, 3 भाग चाळलेली वाळू. जोत्याजवळ, जिथे ओल हटत नाही, तिथे वाळूतला 1 भाग कमी करून विटांची सुरखी (भुकटी) घाला. माल घट्ट हवा: थापी उलटी केली तरी पडता कामा नये. रुंद दरजेत नुसता चुना कोंबू नका, दगडाच्या चिपा ठोकून बसवा.

पुढे 7 ते 10 दिवस ओलं गोणपाट. चुना हवा खाऊन सावकाश कडक होतो. त्याआधी वाळला तर बोटाने खरवडला तरी भुगा पडतो. त्यामुळे काम दिवाळीनंतर काढा आणि फाल्गुनाआधी उरका.

दरजेत उगवलेला पिंपळ किंवा उंबर ओढून काढू नका, मुळासोबत दगड निखळतो. बुडाशी कापा, फुटवा येईल तसा पुन्हा कापा, मूळ मेल्यावरच तिथली दरज भरा.