शिरोरेषा शेवटी

अंबाजोगाईत दुकानाला नाव शोधायला डोकं खाजवावं लागत नाही. योगेश्वरी किराणा, योगेश्वरी ऑटो, योगेश्वरी झेरॉक्स. देवीचं गाव आहे, हक्कच आहे. पाट्या रंगवणाऱ्या पेंटरचाचांचा निम्मा धंदा या एका नावावर चालायचा आणि माझं निम्मं शिक्षणही, कारण त्यात श्व आहे.

श्व दोन तऱ्हांनी लिहितात. अर्धा श आणि शेजारी अख्खा व, ही शाळेतली सोपी तऱ्हा. दुसरी जुन्या छापील पोथ्यांतली: वर श चं गाठ मारलेलं डोकं, त्याच्या पोटाखाली व. चाचांना दुसरी आवडायची. पण ती उंची मागते. पत्र्याची पट्टी अरुंद असली की खालून व चौकटीला टेकतो आणि वरून री ची वेलांटी. "आधी वेलांटीला जागा दे लेकरा, मग बाकीच्यांचं बघू," असं म्हणत ते पट्टीवर खडूत बुडवलेला दोरा ताणून टण्णकन सोडायचे. पांढरी रेघ उमटायची. ती नुसती अंदाजाला. खरी शिरोरेषा रंगानं ओढायची ती सगळ्यात शेवटी, अक्षरं नीट उभी राहिली की. रेघ आधी मारली की माणूस अक्षरं तिला लटकवत सुटतो, असं त्यांचं मत होतं.

तेरा वर्षांच्या पोरीची पन्नाशीच्या माणसाशी कसली मैत्री, असं आई विचारायची. होती. बसस्टँडमागच्या गल्लीत आमच्या घराला लागून त्यांचं दुकान, दुकान म्हणजे पत्र्याचं शेड आणि रॉकेलचा वास. पायरीवर जाऊन बसले तेव्हा त्यांनी विचारलं, "काय करायलीस गं इथं?" बघायलेय म्हणलं. "बघ मग. डब्याला पाय लावू नको." प्रवेशपरीक्षा ती एवढीच.

चाचांचे वडील निजामाच्या काळात उर्दू पाट्या लिहायचे. सरकारी भाषाच उर्दू होती. १९४८च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि पुढं हळूहळू पाट्यांवर मराठी चढली. वडील पन्नाशीच्या आत गेले, पण जाताना पोराला एक हिशोब देऊन गेले. उर्दूच्या नस्तालिक लिपीत अक्षराची उंची-रुंदी ठिपक्यांनी मोजतात. कलम टेकवली की चौकोनी ठिपका पडतो; अलिफ इतक्या ठिपक्यांचा, बे ची लांबी तितक्या ठिपक्यांची. चाचांनी हेच माप मराठीला लावलं. ब्रशच्या रुंदीएवढा ठिपका, आणि त्या ठिपक्यांत क केवढा, ळ केवढा. पुढं कॉलेजात देवनागरी कॅलिग्राफी शिकवताना सर बोरूच्या रुंदीनं अक्षर मोजायला लागले तेव्हा वर्गात मी एकटीच जांभई देत होते.

त्यांनी मला कधीच छान म्हणलं नाही. अक्षर काढून झालं की मला रस्त्यापलीकडं पाठवायचे. "तिथून वाच." एसटी आडवी आली तर ती जाईपर्यंत थांबायचं आणि मग वाचायचं. पाटी एसटीतून उतरणाऱ्याला वाचता आली पाहिजे, दुकानदाराला त्याचं नाव पाठच असतं.

पहिलं खरं काम म्हणजे शाळेचा मांजरपाटाचा फलक, १७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनासाठी. चाचांनी ऑर्डर घेतली, कापड ताणलं आणि ब्रश माझ्या हातात देऊन चहाला निघून गेले. मुक्तिसंग्राममध्ये क्ति आहे, ग्रा आहे, शब्द लांबलचक. परत आले, रस्त्यापलीकडं गेले, तिथून वाचलं, काही बोलले नाहीत. संध्याकाळी पैसे आले तेव्हा निम्मे माझ्यापुढं ठेवले. मी नको म्हणाले. "नको असंल तर उद्यापासून येऊ पण नको." घेतले.

दासोपंतांची पासोडी त्यांनीच दाखवली. अंबाजोगाईची लेकरं मुकुंदराज, दासोपंत या संतकवींची नावं ऐकतच मोठी होतात, पण प्रत्यक्ष पासोडी कितीजणांनी बघितलेली असते! सोळाव्या शतकातला हा माणूस इतका लिहायचा की रोज ढब्बू पैशाची शाई लागायची म्हणतात. गीतेवर सव्वा लाख ओव्या त्याच्या नावावर आहेत. आणि कागद पुरला नाही की काय, म्हणून जाड कापडावर, म्हणजे या पासोडीवर, पंचीकरण हा वेदान्ताचा ग्रंथ लिहिला, चाळीसेक फूट लांब. दासोपंतांच्या देवघरातल्या लोकांशी चाचांची ओळख होती. त्यांनी थोडी घडी उलगडली. मी वाचायचा प्रयत्न करत होते, चाचा खाली वाकून कापड बघत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "खळ दिली असणार. बिनाखळीच्या कापडावर शाई पसरते." मग घरापर्यंत खळ तांदळाची असंल की चिंचोक्याची, एवढाच विषय. मला वाटत होतं ते काही मोठं बोलतील. आता वाटतं, चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आपल्या धंद्यातला धरून बोलणं ही काय लहान गोष्ट होती?

बारावीनंतर मला डीएडला घालायचं घरात ठरलेलं. चाचा एका रविवारी घरी आले, चहा घेतला, पावसाचं, उसाचं, कुणाच्या तरी गुडघ्याचं बोलून झालं. उठता उठता त्यांनी पिशवीतून वही काढून वडिलांपुढं ठेवली. वर्षाची कमाई. वडील तहसीलमध्ये कारकून; वही म्हणजे त्यांचा कच्चा दुवा. त्यांनी पानं उलटली, बेरजा तपासल्या (हो, तपासल्याच) आणि म्हणाले, "चाचा, हे तर कमी आहे." चाचा म्हणाले, "कमीच आहे साहेब. पण मला भूमिती येत नाही. हिला येते." मी चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, त्यात भूमिती आणि अक्षरलेखनाचा पेपर असतो. वडिलांना हा युक्तिवाद का पटला, मला आजतागायत कळलेलं नाही. मी औरंगाबादला कला महाविद्यालयात गेले.

२००४च्या आसपास फ्लेक्स आला आणि चाचांचं शेड बंद झालं. यावर हळहळ खूप लिहिली गेलीय, मी भर घालत नाही. चाचाही रडत बसले नाहीत. पुतण्याच्या फ्लेक्सच्या दुकानात खुर्ची टाकून बसायला लागले आणि 'शुभेच्छूक'चा ऊ ऱ्हस्व करायला लावून गिऱ्हाइकांना वैताग द्यायला लागले. मी सुट्टीला गेले होते. पडद्यावर बोट ठेवून त्यांनी ऑपरेटरला विचारलं, "हे अक्षर कुणी लिहिलं?" पोरगं म्हणालं, कॉम्प्युटरनं. "आन् कॉम्प्युटरला कुणी लिहून दिलं?"

पोरग्याला माहीत नव्हतं. मला थोडं माहीत होतं. संगणकावर आपण वर्षानुवर्षं बघितलेला मंगल हा फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशींचा, हे मी चाचांना सांगितलं. माणसानं काढलेला आहे म्हणल्यावर ते जरा सैल झाले. मग माझ्याकडं वळून, "तू काढलास का एखादा?"

तोवर मी पुण्यात पुस्तकांची मुखपृष्ठं करत होते आणि बरं चाललं होतं. फॉन्ट म्हणजे काय उपद्व्याप आहे हे मला ठाऊक होतं. मुळाक्षरं पन्नासेक, पण जोडाक्षरं आणि मात्रांचे मेळ धरले की आकार कित्येक शेकड्यांत जातात. तरी पुढच्या वर्षी सुरू केलं. नमुन्याचे कागद मी त्यांना पोस्टानं पाठवायची, फोनवर शेरा यायचा. "ळ लंगडायलाय." "भ नं पोट आत घेतलंय, जेवू घाल त्याला." श्व मी दोन्ही तऱ्हांचे केले. त्यावर शेरा आला नाही, फक्त, "याचे पैसे किती घेतलेस?"

चाचा गेल्या डिसेंबरात गेले, वय ऐंशीच्या पुढं. मातीला पोचता आलं नाही, फेब्रुवारीत जाऊन आले. त्यांच्या हातच्या पाट्या गावात मोजक्या उरल्यात. त्यातली सगळ्यात देखणी एका सायकलदुकानावर आहे, निळ्यावर पिवळी अक्षरं, तांबडी सावली. मालक यंदा फ्लेक्स लावणार आहे. जुनी पाटी मला द्या म्हणलं, तर म्हणाला, पत्रा भंगारात तीनशेला जातो, पण पेंटरच्या हातची आहे म्हणून दोन हजार. मी हजार म्हणलं. सध्या बोलणं पंधराशेवर अडलंय.