गोल घुमट: वर चढण्याआधी खाली थांबा

सोलापूरहून विजापूर शंभरेक किलोमीटर. पहाटे निघून आम्ही सकाळी लवकर गोल घुमटाच्या दारात पोहोचलो आणि तेच बरं झालं. नंतर शाळांच्या सहली येतात. वरच्या सज्जात मग जो तो ओरडतो, आणि ज्यासाठी वर चढायचं ती पलीकडची कुजबूज ऐकूच येत नाही.

पण चढायची घाई करू नका. ही विजापूरचा सुलतान मुहम्मद आदिलशाह याची कबर; आत शिरल्यावर त्याच्या चौथऱ्यापाशी उभं राहून आधी मान वर करा. (चौथऱ्यावर दिसतात त्या प्रतिकृती; खऱ्या कबरी खाली तळघरात आहेत.) दालन चौरस, एकेक बाजू सुमारे ४१ मीटर. वरचा घुमट आतून साधारण ३८ मीटर व्यासाचा. मध्ये एकही खांब नाही. मग चौकोनावर हा गोल बसला कसा?

नजर भिंतीवरून सावकाश वर न्या. आठ कमानी एकमेकींना छेदत जातात, जणू एका चौकोनावर दुसरा तिरका ठेवलाय. त्यांच्या छेदांतून भिंती आत झुकत येतात आणि चौकोनाचा हळूहळू गोल होतो. घुमट बाहेर रेटतो, हे आत झुकलेलं वजन त्याला आवरून धरतं. मी तिथे अर्धा तास होतो, तरी मन भरलं नाही. हे १६५६ सालचं काम. वास्तुकार म्हणून नाव घेतलं जातं ते दाभोळच्या याकूतचं, म्हणजे आपल्या कोकणातल्या बंदरातला माणूस! मला फार आनंद झाला.

जिना कोपऱ्यातल्या सातमजली मनोऱ्यातून जातो. पायऱ्या उंच आणि अरुंद आहेत. गुडघे दुखत असतील तर खालूनच पाहा, मुख्य गोष्ट तिथेच आहे. वर गेलात तर सोबत्याला समोरच्या बाजूला पाठवा आणि भिंतीकडे तोंड करून कुजबुजा. माझ्या बायकोने नुसता कागद चुरगाळला, तो मला पलीकडे स्पष्ट ऐकू आला.

पाणी जवळ ठेवा, उन्हाळा टाळा. समोरच्या नगारखान्यातलं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. जेवायला एखाद्या खानावळीत ज्वारीची भाकरी आणि एण्णगाई (तिकडची भरली वांगी) घ्या.

दुपारी बारा कमान चुकवू नका. दुसऱ्या अली आदिलशाहाची ही कबर अपुरीच राहिली. घुमट नाही, छत नाही, काळ्या दगडाच्या कमानी उघड्या आभाळाखाली उभ्या आहेत. सकाळी मान मोडून पाहिलेली कमान इथे हाताने चाचपता येते.