कॅट पॅक: उरलेलं पेरॉक्साइड अखेर हाती लागलं

आमच्या रॉकेट इंजिनाच्या कॅट पॅकमधून, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड फोडून त्याची गरम वाफ आणि ऑक्सिजन करणाऱ्या उत्प्रेरकाच्या थरातून, न फुटताच निसटलेलं पेरॉक्साइड शेवटी फ्लास्कमध्ये सापडलं! ते आधीही तिथे येतच होतं, पण मोजायला घेईपर्यंत नाहीसं होत होतं. या एका भानगडीपायी बाकीची कामं मागे पडली, त्यामुळे आजची नोंद जवळपास तिच्यावरच आहे. इंजेक्टर प्लेट आणि नवा व्हॉल्व्ह ठीक चाललेत, त्यांच्याबद्दल पुढच्या वेळी.

मागच्या नोंदीत गाडी इथे अडली होती: 85 टक्के पेरॉक्साइड, चांदीच्या जाळ्यांचा पॅक, चेंबरमध्ये 15 बार, आणि तापमान 560 अंशांच्या आसपास. 85 टक्क्यांचं सैद्धांतिक तापमान 630 अंशांच्या घरात आहे. मग सत्तर अंश गेले कुठे? सी-स्टारची (चेंबरचा दाब, नोझलच्या घशाचं क्षेत्रफळ आणि प्रवाह यांवरून निघणाऱ्या वेगाची) कार्यक्षमता 96 टक्के येते आणि तेवढ्यावर बरेच जण 'विघटन 96 टक्के' असं लिहून मोकळे होतात. मला हे अजिबात मान्य नाही. सी-स्टार तापमानाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. 833 केल्विनला 903 नं भागून वर्गमूळ काढा, 0.96 येतं. म्हणजे थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) जे सांगतो तेच सी-स्टारनं पुन्हा सांगितलं. उष्णता भिंतीत मुरली की पेरॉक्साइड न फुटताच बाहेर पडलं, हे या दोघांनाही सांगता येत नाही. त्यासाठी वाफ पकडून थंड करायची आणि तिच्यात पेरॉक्साइड किती आहे ते बघायचं, दुसरा उपाय नाही.

हिशोब सोपा आहे. एक किलो 85 टक्के पेरॉक्साइड पूर्ण फुटलं तर 600 ग्रॅम पाणी आणि 400 ग्रॅम ऑक्सिजन मिळतो. सगळी वाफ गोळा करायची गरज नाही. प्रातिनिधिक नमुना घ्यायचा, ऑक्सिजन निघून गेल्यावर उरलेल्या द्रवातली पेरॉक्साइडची टक्केवारी काढायची आणि तिला 1.4 नं भागायचं, की न फुटलेला वाटा टक्क्यांत हातात येतो. हा 1.4 फक्त 85 टक्क्यांसाठी, आणि उरलेला वाटा थोडा असेल तोवरच चालतो.

तर नोझलच्या आधी टॅप काढला, बारीक स्टीलची नळी लावली, बर्फात कंडेन्सर ठेवला आणि जमलेल्या पाण्याचं पोटॅशियम परमँगनेटनं टायट्रेशन केलं, म्हणजे गुलाबी रंग टिकेपर्यंत थेंबथेंब परमँगनेट किती लागतं ते मोजलं. उत्तर जवळपास शून्य. पुन्हा केलं, तरी शून्य. आणि त्याच फायरिंगच्या चित्रीकरणात नोझलमागे पांढरं धुकं स्पष्ट दिसत होतं! पूर्ण फुटलेल्या पेरॉक्साइडचा झोत जवळपास पारदर्शक असतो. डोळ्यांना दिसणारी ओल ब्युरेटला (थेंब मोजून सोडणाऱ्या नळीला) कशी दिसत नाही, हे काही केल्या कळेना.

उलगडा झाला तो बाटली उजेडासमोर धरल्यावर. तळाशी राखाडी भुकटीचे कण होते आणि प्रत्येक कणातून बारीक बुडबुड्यांची सरळ माळ वर येत होती. जाळ्यांवरून झिजलेली चांदी! बाटलीच्या तळाशी एक छोटा कॅट पॅकच चालू होता. खात्री करायला त्या पाण्यात ताकद माहीत असलेलं पेरॉक्साइड घातलं, अर्ध्या भागाचं टायट्रेशन लगेच केलं आणि अर्ध्याचं तासाभरानं. दुसऱ्यात निम्म्याहूनही कमी शिल्लक होतं. शिवाय तापलेल्या नळीत वाटेतच काही फुटत असणार, ते वेगळं.

आता नळी अगदी आखूड केली आहे. ती 316 स्टीलची, नायट्रिक ॲसिडनं पॅसिव्हेट (पृष्ठभाग निष्क्रिय) केलेली आणि बाहेरून पाण्यानं थंड ठेवलेली आहे. ती सरळ फ्लास्कमधल्या थंडगार, विरळ सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडते. आम्लात विघटन मंदावतं, आणि परमँगनेटला आम्ल लागतंच. फ्लास्कचं आधीचं आणि नंतरचं वजन घेतलं की नमुना किती आला ते समजतं. हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरू नका, परमँगनेट क्लोराइडवरही खर्च होतं. आणि फ्लास्कचं तोंड कधीही बंद करू नका, ऑक्सिजन येतच असतो.

या वेळी पहिले थेंब पडले आणि गुलाबी रंग विरायला वेळ लावू लागला. मँगनीजचे आयन तयार होईपर्यंत तो रेंगाळतोच, मग भराभर विरतो. रंग टिकायची वाट बघत ब्युरेट खाली खाली जात राहिली आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! द्रवात 2.9 टक्के, म्हणजे न फुटलेलं साधारण 2 टक्के. दर टक्क्यामागे ढोबळमानानं 15 अंश जातात, तेव्हा सत्तरपैकी तीस अंशांचा जाब मिळाला. उरलेले चाळीस बहुतेक जाड फ्लँजनं शोषले असावेत, कारण 560 ला पोचल्यावरही तापमानाची रेष किंचित चढतीच आहे.

दुसरी एक छान गोष्ट आलेखात दिसली. सुरुवातीला तापमान 180 अंशांच्या थोडं वर क्षणभर अडकतं. 15 बारला पाणी 198 अंशांना उकळतं, मग हे कमी का? कारण त्या दाबात ऑक्सिजनचाही वाटा आहे. वाफेच्या वाट्याला सुमारे 11 बार येतात आणि 11 बारचा उत्कलनबिंदू 184 अंश. म्हणजे तेवढा वेळ थर्मोकपल ओला आहे. हे दिसलं ते 1.5 मिलिमीटरच्या बारीक थर्मोकपलमुळे. जुन्या 3 मिलिमीटरच्या जाड थर्मोकपलवर ही पायरी पुसली जायची. बारीक टोक लवकर वाकतं हे खरं, तरी मी आता जाडाकडे परत जाणार नाही.

पेरॉक्साइडबद्दल एक तक्रार. आमच्या पुरवठादाराच्या कागदावर स्टेबिलायझरचं (पेरॉक्साइड साठवणीत फुटू नये म्हणून घातलेल्या रसायनांचं) प्रमाण लिहिलेलंच नसतं. स्टॅनेट आणि फॉस्फेट ही स्टेबिलायझर चांदीवर थर धरून तिला निकामी करतात, त्यामुळे हा आकडा नसेल तर दोन पॅकची तुलना करण्यात काही अर्थ नाही.

बेत पॅक लांब करण्याचा होता. पण 2 टक्के जर भिंतीलगतच्या फटीतून निसटत असेल, तर लांबी वाढवून फक्त दाब खर्च होईल. म्हणून आधी जाळ्यांच्या मधे अडथळ्याच्या कड्या बसवतो. मला पुढे याच गॅसवर केरोसीन पेटवायचं आहे. ब्लॅक ॲरो या ब्रिटिश रॉकेटच्या गॅमा इंजिनांत 85 टक्क्यांच्या पेरॉक्साइडवर केरोसीन आपोआप पेटायचं, त्यामुळे गॅस कोरडा आणि गरम मिळणं ही पहिली अट.

हे लिहिता लिहिता आणखी एक सुचतंय. फ्लास्कमधल्या ॲसिडमध्ये आधीच टायटॅनियम ऑक्सिसल्फेट घातलं तर? ते पेरॉक्साइडला धरून पिवळं होतं. रंग फायरिंग चालू असतानाच दिसेल आणि 410 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश किती शोषला जातो त्यावरून अगदी थोडं पेरॉक्साइडही मोजता येईल. कड्या बसल्यावर आकडा अर्ध्या टक्क्याखाली गेला तर परमँगनेटपेक्षा हेच सोयीचं पडेल. तेव्हा पुढची फायरिंग कड्या आणि टायटॅनियम दोन्ही घेऊनच.

मँगनीज डायऑक्साइडचे पॅक वापरणाऱ्यांना एक प्रश्न: तुमची भुकटी आम्लात पेरॉक्साइडशी अभिक्रिया करून स्वतः विरघळते आणि आकडा खाली ओढते. ॲसिडच्या आधी ती गाळता कशी? मला काचेच्या तंतूंचा फिल्टर योग्य वाटतो, पण त्यावर साचलेल्या थरातून नमुना जातानाच पेरॉक्साइड फुटेल अशी धास्ती आहे. कोणी करून पाहिलं असेल तर आकड्यांसकट सांगा.